वाट गोळेश्वरची

‘खाशाबा’ कधी लागणार? कराड, पेठ, विटा या पट्ट्यात हा प्रश्न आता सवयीचा झाला आहे. तालमीत जोर-बैठका झाल्यावर पोरे विचारतात. मैदानात दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात जुनी माणसे विचारतात. नागराज मंजुळे यांनी ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांच्यावरच्या चित्रपटाची घोषणा २०२३ मध्ये केली. त्याआधीचा त्यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला लागला होता. मधल्या काळात त्यांनी निर्मिती केली, पडद्यावर कामेही केली; पण ज्या कामासाठी लोक त्यांना ओळखतात ते दिग्दर्शनाचे, आणि त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पुढचा मोठा चित्रपट अजून यायचा आहे.

सातारा-सांगलीला ही ओढ जरा जास्तच आहे. दिग्दर्शक शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा आणि गोष्ट कराडला खेटून असलेल्या गोळेश्वरची. १५ जानेवारी १९२६ ला खाशाबा जन्मले तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची हद्द आखली गेली, पण कुस्तीच्या मुलखाला ती कधी लागू झाली नाही. कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर या हिंदकेसरींची नावे कराडच्या तालमीत जितक्या आपुलकीने घेतली जातात, तितक्याच आपुलकीने खाशाबांचे नाव कुंडलच्या मैदानात घेतले जाते. म्हणून हा चित्रपट आपल्या घरातला आहे असे दोन्ही जिल्ह्यांना वाटते, आणि घरातल्या कार्याला उशीर झाला की माणसे जशी कुरकुरतात तशी कुरकुरही चालते.

उशीर होतोय ही तक्रार मात्र आम्हाला मान्य नाही.

मंजुळ्यांच्या कामाचा वेग आधीपासून असाच आहे. ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ २०१३ मध्ये महोत्सवांत फिरला आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात लागला. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. त्यानंतर ‘झुंड’ यायला जवळजवळ सहा वर्षे गेली. दोन चित्रपटांमधला हा काळ रिकामा नसतो. ‘फँड्री’चा जब्या ज्याने केला तो सोमनाथ अवघडे गावात हलगी वाजवणारा पोरगा होता. ‘सैराट’ची आर्ची अकलूजमध्ये सापडली, आणि परश्या झालेला आकाश ठोसर मुळात तालमीतला मुलगा. अशी माणसे गावोगाव हिंडून शोधावी लागतात आणि त्यांच्या मनातली कॅमेऱ्याची भीती जाईपर्यंत त्यांच्या शेजारी बसावे लागते. ‘खाशाबा’साठीही कुस्ती जाणणाऱ्या मुलांनाच बोलावणे गेले. तालमीत वाढलेल्या कुणालाही यातली अडचण सांगायला नको. मोडलेले कान रंगभूषेने करता येतील. पण पाय रोवून उभे राहण्याची ढब, मानेची ठेवण, समोरच्याच्या खांद्यावर हात टाकताना त्याचे वजन तोलून घेणारा तळवा, हे सगळे लाल मातीतच तयार होते आणि माती आपल्या चालीने चालते. जगात याहून मोठ्या प्रतीक्षा झाल्या आहेत. स्पेनच्या विक्टर एरिसे यांचा १९९२ चा चित्रपट झाल्यावर पुढचा मोठा चित्रपट २०२३ मध्ये आला. एकतीस वर्षांनी लोक पाहायला गेले आणि आनंदाने गेले.

तेव्हा वेळ लागू द्या. खरा विचार करायचा तो दोन गोष्टींचा. पैसा कुणाचा, आणि पडद्यावर दिवस किती.

पैशाचा प्रश्न या भागाने फार पूर्वीच अनुभवला आहे. १८४३ मध्ये सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, संस्थानचा हात सुटला आणि भाव्यांना नाटकमंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रय सुटल्यावर मराठी नाटक बुडाले नाही, उलट ते प्रेक्षकांच्या खिशातल्या पैशावर उभे राहिले. आज ज्याला आपण स्वतंत्र निर्मिती म्हणतो, तिची या भूमीतली सुरुवात आम्ही त्या हिंडण्यात पाहतो.

सांगलीहून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर. तिथे १९२५ मध्ये बाबुराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. इथले बहुतेक चित्रपट देवादिकांच्या आणि राजांच्या कथा दाखवत असताना पेंटरांनी सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी दाखवला, जो शेवटी शहरात गिरणीकामगार होतो. तो तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. १९३६ मध्ये पेंटरांनी तीच गोष्ट बोलपटात पुन्हा सांगितली, आणि एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावीशी वाटणे यातच तिच्यावरचा त्यांचा जीव दिसतो. पुढे शांतारामांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’ केला तो ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर. आपटे सांगलीजवळच्या समडोळीत जन्मले आणि साताऱ्याच्या कोरेगावात स्थायिक झाले. खडबडीत, बोचणाऱ्या मराठी चित्रपटाचे मूळ शोधायला मुंबईला जायला नको. कोल्हापूर-कोरेगाव एवढ्या टापूत ते सापडते.

पण गोष्टी इथल्या असल्या तरी त्या पडद्यावर यायला फार वेळ लागला. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये छापली गेली. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला तो १९९५ मध्ये. चाळीस वर्षे माणदेशातली ती मेंढरे पुस्तकातच चरत राहिली. १९४३ ते १९४६ या काळात याच दोन जिल्ह्यांत उभे राहिलेले प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटलांचे आणि जी. डी. बापू लाडांचे ते दिवस, त्यांच्या तोलाचा चित्रपट आमच्या मते अजून झालेला नाही. खाशाबा तरुणपणी बेचाळीसच्या चळवळीत होते, म्हणून त्या काळाचा थोडा तरी धागा आता पडद्यावर दिसेल अशी आशा आहे.

आता खाशाबांकडे येऊ, कारण पैशाचा प्रश्न त्यांच्या आयुष्याइतका उघडा दुसरीकडे दिसत नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे गादीवर उतरला, नियमही त्याला नवे होते, तरी फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकी. निवडीतच आपल्यावर अन्याय झाला असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी ती मारली. पुढे जायचे तर खर्च कोण करणार? कराड आणि आसपासच्या गावांत वर्गणी फिरली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ सालचे सात हजार! एका प्राचार्याने आपल्या माजी विद्यार्थ्याच्या ढाकेवर, म्हणजे त्याच्या हुकमी डावावर, घरचे छप्पर लावले.

२३ जुलै १९५२ ला ५७ किलो गटात खाशाबांना ब्राँझपदक मिळाले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. सोव्हिएत संघ आणि जपानच्या मल्लांपुढे ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यासाठी भांडायला आपल्या पथकातले कुणी जवळ नव्हते, असे सांगितले जाते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडले, आणि कुस्तीतले यायला २००८. गावी परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवीच्या पाव तासाच्या रस्त्याला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले.

त्याच १९५२ च्या ऑक्टोबरात बंगालमध्ये सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण सुरू केले. तिथेही विम्याचे कागद आणि बायकोचे दागिने गहाण पडले, काम मध्येच थांबले, आणि शेवटी सरकारी मदतीवर १९५५ मध्ये चित्रपट पुरा झाला. एक पैलवान आणि एक दिग्दर्शक, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना त्याची दोन मोठी कामे घरे-दागिने गहाण ठेवून झाली, हे एकाशेजारी एक ठेवून पाहण्यासारखे आहे. मराठीतही तेच. शिरूर भागातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ साठी वडिलार्जित जमीन विकली. ‘श्वास’ २००४ मध्ये ऑस्करसाठी निवडला गेला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचाराचा खर्च शाळकरी मुलांपासून अनेकांनी वर्गणी काढून उचलला.

‘खाशाबा’च्या मागे मोठा स्टुडिओ आहे. काहींना हे खटकते. स्वतंत्र बाण्याचा माणूस मोठ्यांच्या दारात गेला असे त्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. हेलसिंकी उभी करायला, गर्दी उभी करायला, सत्तर वर्षांपूर्वीचे कराड उभे करायला पैसा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा कुणी घर गहाण ठेवावे अशी इच्छा धरणे क्रूरपणाचे आहे. आमची भीती एवढीच की मोठ्या पैशाला सात तासांची मिरवणूक आवडते. बैलगाड्या, गुलाल, हलगी, शड्डू, आणि वर संगीत. त्या मिरवणुकीनंतर खाशाबा बत्तीस वर्षे जगले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, निवृत्त झाले ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून. ऑगस्ट १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. हयातीत त्यांना ना अर्जुन मिळाला ना पद्म. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या बंदिस्त स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले २०१० मध्ये. पदक जिंकणाऱ्या माणसावर चित्रपट काढणारे पुष्कळ मिळतील. पदक जिंकून आल्यावर सकाळी गणवेश चढवून ठाण्यात जाणाऱ्या, वर्षांमागून वर्षे कुणाच्या आठवणीत नसणाऱ्या माणसावर चित्रपट काढू शकेल असा दिग्दर्शक ‘फँड्री’ काढणाराच असू शकतो. आम्ही वाट पाहतो आहोत ती त्या बत्तीस वर्षांची.

आणि त्या चित्रपटात आपलेही काही निघेल, त्याची तयारी ठेवा. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांकडे येतो. गावकी, मान-अपमान, तालमीत कोण कुठे बसतो आणि कोणाला कुठल्या घरातून खुराक जातो, यातले काही पडद्यावर दिसले तर लगेच निवेदने घेऊन कचेरीत जाऊ नये. खाशाबांना आपले म्हणायचे असेल तर त्यांच्या भोवतीचे गावही जसे होते तसे आपले म्हणावे लागेल.

वाट पाहण्याला एक कडू बाजू आहे आणि ती या रस्त्याशीच जोडलेली आहे. साताऱ्याहून कोल्हापूरकडे निघालो की उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका, मग वारणा ओलांडून किणी. कासेगावजवळून वाटेगावला फाटा जातो, ते अण्णाभाऊ साठ्यांचे गाव. कराडहून खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकायला गेले ते याच बाजूने. आणि याच रस्त्याने अशोक व्हटकरांच्या ‘७२ मैल’ मधला पोरगा साताऱ्याच्या बोर्डिंगमधून पळून चालत निघतो. वाटेत त्याला राधाक्का भेटते, आपली पोरे घेऊन चाललेली, आणि ती त्याची आई होऊन जाते. राजीव पाटील यांनी त्यावर केलेला ‘७२ मैल – एक प्रवास’ ऑगस्ट २०१३ मध्ये लागला. स्मिता तांबे यांची राधाक्का ज्याने पाहिली तो त्या महामार्गावरून मोटारीने जाताना कडेच्या झाडांकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

राजीव पाटलांना या मातीतल्या कथा नेमक्या सापडत. त्यांचा २००९ चा ‘जोगवा’ राजन गवसांच्या कादंबऱ्यांवर आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांच्या ‘दर्शन’ या कथेवर उभा होता. त्याला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जत, कवठेमहांकाळ, मिरज या सीमेवरच्या तालुक्यांत यल्लम्माला सोडलेल्या मुला-मुलींची दुःखे घरोघर माहीत होती, पण ती त्या धिटाईने आणि त्या मायेने दाखवणारा चित्रपट तोवर नव्हता. ‘७२ मैल’ लागला तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, आता यांचा पुढचा कुठला? सप्टेंबर संपता संपता हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. ऐन उमेदीत. ‘७२ मैल’ लागून दोन महिनेही झाले नव्हते. काही थिएटरांच्या बाहेरची पोस्टरेही निघाली नसतील.

त्या वेळी आम्हा बऱ्याच जणांना मनात टोचलेली गोष्ट लिहायलाच हवी. ‘७२ मैल’ आपण वेळेवर पाहिला होता का? पुष्कळांनी तो नंतर टीव्हीवर पाहिला. त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसांनी!

हीच ती दुसरी काळजी. भाऊराव कऱ्हाड्यांचा ‘टीडीएम’ एप्रिल २०२३ च्या अखेरीस लागला आणि काही दिवसांतच त्याला खेळ मिळेनासे झाले. कलाकारांना प्रेक्षकांसमोर रडू आवरले नाही. शेवटी चित्रपट काढून घेऊन जूनमध्ये पुन्हा लावावा लागला. मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपटांना संध्याकाळचा खेळ द्यावा यासाठी २०१५ मध्ये सरकारला आदेश काढावा लागला होता, पण आदेशाने खुर्च्या भरत नाहीत. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांच्या गल्ल्यावर सोमवारचा निर्णय होतो. तालुक्याच्या गावची जुनी एकपडदा थिएटरे बंद पडली, कुठे तिथे मंगल कार्यालय झाले, कुठे दुकानगाळे. पूर्वी पुसेगावच्या, म्हसवडच्या जत्रेत तंबूत पिक्चर लागायचा आणि गावाबाहेरचा माणूसही तो बघून जायचा. आता माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माणसाला पिक्चर पाहायचा तर एसटी धरून सातारा नाहीतर सांगली गाठावी लागते, आणि तिकिटाइतकाच खर्च प्रवासावर होतो. मोठ्या नावाच्या दिग्दर्शकालाही हा हिशेब चुकत नाही. ‘सैराट’ने शंभर कोटींचा पल्ला गाठला तो याच खेडोपाडीच्या माणसांनी जीप भरभरून थिएटर गाठले म्हणून. ‘झुंड’च्या वेळी त्या जीपा तितक्या निघाल्या नाहीत.

आमची मागणी सरळ आहे. सातारा आणि सांगलीच्या थिएटरमालकांनी ‘खाशाबा’ला पहिल्या दिवसापासून संध्याकाळचे खेळ द्यावेत आणि दुसऱ्या आठवड्याचा शब्द आधीच द्यावा. तालमींनी, शाळांनी, कुस्तीगीर संघांनी आपली पोरे एकत्र आणावीत. एखाद्या तालमीने एक टेम्पो केला तरी एक ओळ भरते. कराडने गोळेश्वरात मोठा पडदा लावून गावाला चित्रपट दाखवावा. आणि १९५२ मध्ये ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी दिली, त्या घरांतल्या माणसांनी तिकीट काढताना ती वर्गणीच चालू आहे असे समजावे.

चित्रपट लागेल त्या शुक्रवारी निघा. शुक्रवारी जमले नाही तर शनिवारी, नाहीतर रविवारी. सोमवारची वाट पाहू नका.